रांजणवाडी पुन्हा त्याच जागी आली तर?



या पत्रिकेतून आम्ही नेहमी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्याची खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या खेपेचा विषय वेगळा आहे. तो उसाचा नसला तरी ऊस पिकवणाऱ्या आणि तोडणाऱ्या माणसांचा आहे, म्हणून ही जागा मागून घेतली आहे. आम्ही शेतीची पदविका घेतलेली माणसे, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषध सांगण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र कोणत्या वेळी डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये, एवढे समजून घेण्याचा आणि सांगण्याचा अधिकार सर्वांनाच आहे.

आपल्या भागात डोळा लाल होणे ही रोजचीच गोष्ट. पाचट काढताना पाते डोळ्याला लागते, तोडणीच्या वेळी धूळ आणि कूस उडते, गुऱ्हाळावर धूर असतो, पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते. रांजणवाडी तर घरटी कोणाला ना कोणाला झालेलीच असते. त्यामुळे डोळ्याला सूज आली, लाली आली की आपण म्हणतो, “होईल बरं चार दिवसांत.” आणि बहुतेक वेळा ते खरेच बरे होते.

पण थोड्या लोकांच्या बाबतीत ते बरे होत नाही. या थोड्यांपैकी काहींच्या डोळ्यात जंतूंचा विकार नसतो, तर पापणीचा, डोळ्याच्या खोबणीचा किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर असतो. हे रोग फार कमी आढळतात. कोणी घाबरून जाऊ नये. परंतु त्यांचे वैशिष्ट्य असे की ते जंतूंच्या विकाराचे हुबेहूब सोंग घेतात. गावात बहुरूपी फौजदाराचा वेष करून येतो आणि नवखा माणूस खरोखर उठून उभा राहतो, तसाच हा प्रकार. इंग्रजी वैद्यकातही या रोगांना ‘सोंगाड्या’ अशाच अर्थाचे नाव आहे. फ्रेडरिक थिओडोर नावाच्या नेत्रतज्ज्ञाने १९६७ साली, जुनाट डोळे येण्याचे सोंग घेऊन आलेल्या कॅन्सरवर लेख लिहिला, तेव्हापासून ते नाव चांगलेच रूढ झाले.

केवडा आणि गवताळ वाढ

आपल्या पिकातला दाखला घेऊ. खोडव्यात पाने पांढरट पडली की आपण म्हणतो, केवडा पडला. जमीन चुनखडीची असेल तर लोह कमी पडते. हिराकशीची फवारणी केली की आठ-पंधरा दिवसांत पाने हिरवी होऊ लागतात. पण काही बेटांत फवारणी करूनही फरक पडत नाही. बारीक, पांढरट, गवतासारखे फुटवे वाढतच राहतात. मग कळते की हा केवडा नव्हे, ही गवताळ वाढ आहे. तिला फवारणी चालत नाही, बेट मुळासकट काढून नष्ट करावे लागते. हुशार शेतकरी काय करतो? एक फवारणी करून वाट पाहतो, आणि फरक नाही असे दिसताच रोगाचे नावच चुकले असेल असा विचार करतो. जो दुसरी, तिसरी, चौथी फवारणी करत बसतो, त्याच्या शेतात रोग पसरतो.

डोळ्याच्या बाबतीतही असेच आहे. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी थेंब दिले, मलम दिले, तर त्यात काही गैर नाही. शंभरांत बहुतेकांना त्यानेच गुण येतो. प्रश्न येतो तो गुण न आल्यावर. तेच थेंब पुन्हा, मग दुसऱ्या कंपनीचे थेंब, मग मेडिकल दुकानातून कोणीतरी सांगितलेले थेंब, अशा फवारण्या चालू राहतात आणि मधे महिने निघून जातात. या लेखाचे सगळे सांगणे इथेच आहे. गुण आला नाही, तर औषध बदलण्याआधी रोगाचे नाव पुन्हा तपासून घ्यावे.

साधी रांजणवाडी कशी वागते

फसवे काय ते ओळखायचे तर आधी साधे काय ते माहीत पाहिजे. रांजणवाडी म्हणजे पापणीच्या कडेच्या एखाद्या बारीक ग्रंथीत जंतू शिरून झालेली पुळी. ती एकदम येते, लाल होते, ठणकते, टोकाला पिवळी पडते आणि गरम कपड्याने शेकले की साधारण आठ-दहा दिवसांत फुटून किंवा जिरून बरी होते.

दुसरा प्रकार म्हणजे पापणीत आत होणारी, न दुखणारी गाठ. आपल्या पापण्यांच्या आत तेलाच्या ग्रंथींची ओळ असते. वरच्या पापणीत सुमारे २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांतून निघणारे पातळ तेल डोळ्यातले पाणी लवकर सुकू देत नाही. एखाद्या ग्रंथीचे तोंड बुजले की आत तेल साठते आणि हरभऱ्याएवढी टणक गाठ होते. ती शेकण्याने काही आठवड्यांत जिरते. नाही जिरली तर डॉक्टर पापणी उलटून लहानसा छेद देऊन ती खरवडून काढतात. काम पाच-दहा मिनिटांचे असते. बहुतेकांचा विषय तिथेच संपतो.

पापणीतल्या तेलग्रंथींचा कॅन्सर

याच तेलग्रंथींमध्ये एक कॅन्सर होतो. तो प्रामुख्याने पन्नाशी-साठीच्या पुढच्या माणसांत दिसतो आणि खालच्यापेक्षा वरच्या पापणीत जास्त होतो, कारण तिथे ग्रंथीच जास्त. युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांत पापणीच्या कॅन्सरांत याचा वाटा लहान असतो. तिथे कातडीच्या वरच्या थरातला, सावकाश वाढणारा दुसराच प्रकार दहांपैकी नऊ जणांत आढळतो. आपल्या देशात मात्र चित्र निराळे आहे. इथल्या मोठ्या नेत्ररुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर पापणीच्या कॅन्सरांत तेलग्रंथींच्या कॅन्सरचा वाटा फार मोठा, काही ठिकाणी निम्म्याच्या आसपास दिसतो. म्हणजे रोग एकंदरीत विरळा, पण पापणीला कॅन्सर झालाच तर तो हा असण्याची शक्यता आपल्याकडे बरीच. म्हणून तो आपण विशेष ओळखून ठेवायला हवा.

हा दोन सोंगे घेतो.

पहिले सोंग गाठीचे. पापणीत टणक, न दुखणारी, किंचित पिवळसर गाठ येते. अगदी साध्या गाठीसारखी. खरवडून काढली की थोडे दिवस बरे वाटते आणि पुन्हा त्याच जागी उगवते. पुन्हा काढली, पुन्हा उगवते. साधी गाठ दुसऱ्या जागी होऊ शकते, दुसऱ्या डोळ्याला होऊ शकते. पण पन्नाशीपुढच्या माणसाच्या पापणीत त्याच जागी परत परत येणारी गाठ ही साधी मानायची नाही.

दुसरे सोंग जुनाट डोळे येण्याचे. यात गाठ दिसतच नाही. कॅन्सरच्या पेशी पापणीच्या कातडीत आणि आतल्या अस्तरात पातळ थरासारख्या पसरत जातात, जसे बांधाखालून पाणी पाझरत जाते आणि वर काही दिसत नाही. त्यामुळे पापणी जाड होते, कड लाल राहते, डोळा चिकटतो, चुरचुरतो. दिसायला अगदी डोळे आल्यासारखे, पण एकाच डोळ्याला आणि महिनोन् महिने.

या दोन्हींत एक खूण फार उपयोगाची आहे. पापणीचे केस. ज्या जागी रोग आहे त्या जागचे केस गळून जातात आणि पुन्हा येत नाहीत. पांढऱ्या केवड्याच्या पट्ट्यासारखा तेवढाच भाग बोडका दिसतो. आरशात पाहून किंवा घरच्या माणसाला पाहायला सांगून ही खूण कोणालाही ओळखता येते. रोग पुढे गेला तर कानाच्या पुढे किंवा जबड्याखाली गाठ लागते. तिथपर्यंत थांबायचे नाही.

न हटणारी लाली आणि वाढणारे वडस

उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत नाकाकडच्या बाजूने बुबुळावर मांसाचा पातळ पडदा चढतो. त्याला आपल्याकडे वडस म्हणतात, कोणी वेल वाढली म्हणतात. हा कॅन्सर नव्हे. परंतु डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेला, एक खराखुरा कॅन्सरही होतो आणि तो वडसासारखा किंवा जुनाट लालीसारखा दिसतो. उन्हातले अतिनील किरण हे त्याचे एक मुख्य कारण आहे. शरीराची प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल, विशेषतः एच.आय.व्ही.ची लागण असेल, तर तो तरुण वयातही होतो. वडस एकाएकी वाढू लागले, त्यावर खरखरीत पांढरट थर आला, मोठ्या रक्तवाहिन्या त्याच्याकडे धावलेल्या दिसू लागल्या, तर ते साधे वडस धरून बसू नये. लवकर सापडला तर हा रोग छोट्या शस्त्रक्रियेने किंवा विशिष्ट थेंबांनीही जातो आणि डोळा शाबूत राहतो.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. पापणी खाली ओढून पाहिली असता आतून गुलाबी, मऊ, न दुखणारा पट्टा दिसत असेल आणि तो हळूहळू वाढत असेल, तर ती रसग्रंथींच्या कॅन्सरची खूण असू शकते. तसेच डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रूंची पिशवी असते. तिची वाट बुजली की पाणी वाहते, पू येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या पाण्यातून रक्त येऊ लागले, किंवा कोपऱ्याच्या वरच्या बाजूला टणक फुगवटा आला, तर पिशवीत दुसरे काही वाढते आहे का हे पाहून घेतले पाहिजे.

लेकरांचे डोळे

आता सर्वांत महत्त्वाचे. मोठ्या माणसांच्या रोगात महिन्यांचा हिशेब असतो, तर लेकरांच्या रोगात दिवसांचा असतो.

पहिला रोग डोळ्याच्या खोबणीतल्या स्नायूंसारख्या पेशींचा कॅन्सर. साधारण सात-आठ वर्षांच्या आसपासच्या मुलांत तो जास्त दिसतो. काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, एक डोळा पुढे येऊ लागतो, पापणी सुजते, लाल होते. घरचे सांगतात, “खेळताना काहीतरी लागलं.” मुलांना रोज काही ना काही लागतच असते, त्यामुळे हे कारण सगळ्यांना पटते आणि रोग मागे राहतो. दिसायला तो खोबणीत पू झाल्यासारखाच दिसतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. खोबणीत खरोखरचा पू झाला असेल तर तोही डोळ्याला आणि जिवाला धोक्याचा आहे. म्हणजे जंतूंचा विकार असो की कॅन्सर, मुलाचा डोळा सुजून पुढे आला तर दोन्ही बाबतीत त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचे. घरी बसून कोणता ते ठरवण्याची गरजच नाही. तिथे अँटिबायोटिकची इंजेक्शने देऊन एक-दोन दिवसांत फरक पडला नाही, किंवा ताप नसतानाच सूज आहे असे दिसले, की डॉक्टर स्कॅन आणि पुढची तपासणी करतात.

या रोगाची हकिगत आशेची आहे. पूर्वी डोळा आणि खोबणीतले सर्व काढून टाकणे हाच मुख्य उपाय होता आणि तरीही तीनांपैकी एकच मूल वाचे. अमेरिकेत १९७२ साली अनेक रुग्णालयांनी मिळून औषधे आणि किरणोपचार यांचा एकत्र अभ्यास सुरू केला. आज खोबणीपुरता मर्यादित असलेला हा रोग वेळेवर सापडला, तर दहांपैकी नऊ मुले बरी होतात आणि पुष्कळदा डोळाही राहतो.

दुसरा रोग डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा. तो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो. आपल्या देशात मुलांची संख्याच मोठी असल्याने वर्षाला सुमारे दीड हजार मुलांना होतो असा अंदाज आहे. त्याची मुख्य खूण म्हणजे बाहुलीत पांढरी चमक. अंधारात मांजराचा डोळा चमकतो तशी. मोबाईलवर फ्लॅश लावून फोटो काढला की चांगल्या डोळ्याची बाहुली लाल दिसते आणि या डोळ्याची पांढरी. कधी मूल नव्याने तिरळे पाहू लागते. आणि काही मुलांत डोळ्यातली गाठ आतल्या आत मरते, त्यामुळे डोळा आणि पापण्या अशा सुजतात की हा जंतूंचाच विकार आहे असे वाटावे.

हा रोग नजर लागून, ग्रहणाने किंवा आईच्या खाण्यापिण्याने होत नाही. तो एका विशिष्ट जनुकातल्या बिघाडाने होतो. एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की रोग उमटतो, ही कल्पना आल्फ्रेड नुडसन या शास्त्रज्ञाने १९७१ साली याच रोगाच्या अभ्यासावरून मांडली. सुमारे ४० टक्के मुलांत हा बिघाड शरीरातल्या सर्वच पेशींत असतो आणि पुढच्या पिढीत जाऊ शकतो. म्हणून एका मुलाला झाला तर त्याच्या भावंडांचे डोळेही तपासून घ्यावे लागतात.

सोंग जमते कसे?

कोणी विचारील, कॅन्सर आणि जंतूंचा विकार यांचा संबंध काय? तर असे आहे. गाठ वाढली की ती ग्रंथीचे तोंड बुजवते, तेल आत साठते आणि आजूबाजूला खाज व लाली होते. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीला रक्त अपुरे पडते, तिचा काही भाग मरतो आणि त्या मेलेल्या भागाभोवती शरीर सूज आणते. कधी गाठीवर खरोखरच जंतू वाढतात, मग थेंबांनी जंतू जातात, थोडा आराम पडतो, आणि रोगी म्हणतो, “गुण आला होता, पुन्हा बिघडलं.”

शिंगाच्या कॅन्सरने बैल गमावलेल्या जुन्या गाडीवानांना हे वेगळे सांगायला नको. बैल डोके झटकतो, शिंग खांबाला घासतो, नाकपुडीतून रक्त मिसळलेला शेंबूड येतो. लोक म्हणतात, मार लागला, शिंगात किडे पडले. शिंग कलू लागते तेव्हा खरे कळते.

यात एक मोठी भर आपण स्वतः घालतो. दुकानात मिळणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. ते घातल्यावर लाली दोन दिवसांत उतरते. सूज उतरली म्हणजे रोग उतरला असे नव्हे. कॅन्सर असेल तर तो झाकला जातो. आणि उसाचे पाते लागून बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल तर तेच थेंब ती जखम वाढवून डोळा घालवतात. म्हणून डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवाय डोळ्यात थेंब घालू नयेत. मागच्या वर्षी शेजाऱ्याला दिलेली बाटली तर नकोच नको. रांजणवाडीला लवंग उगाळून लावतात, बोट तळहातावर घासून शेकतात. साध्या पुळीला शेक चालतो. पण उगाळलेले काहीही डोळ्यात जाऊ देऊ नये.

तुकडा तपासणी म्हणजे माती परीक्षणच

माती तपासल्याशिवाय खताचा डोस ठरवू नका, असे आम्ही दर हंगामात सांगतो. डोळ्याच्या या रोगांत मातीच्या जागी तुकडा असतो. डॉक्टर रोगट भागाचा बारीक तुकडा काढतात, तो औषधात बुडवून प्रयोगशाळेत पाठवतात आणि तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे नाव सांगतात. यालाच बायोप्सी म्हणतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पापणीच्या आणि खोबणीच्या रोगात जाणत्या डॉक्टराने नीट काढलेल्या तुकड्याने तसे होत नाही. उलट तुकडा न तपासता वाट पाहिल्यानेच रोग पसरतो.

सभासदांनी एक वाक्य पाठ करून ठेवावे. पापणीची गाठ खरवडून काढायची असेल, विशेषतः दुसऱ्यांदा, तर डॉक्टरांना नम्रपणे म्हणावे, “साहेब, निघालेला भाग टाकू नका, तपासायला पाठवा.” असे म्हणण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगले डॉक्टर ते स्वतःहूनच करतात.

याला एक अपवाद आहे आणि तो तितकाच महत्त्वाचा. लेकराच्या बाहुलीत पांढरी चमक असेल तर त्या डोळ्यात सुई घालून तुकडा काढत नाहीत, कारण तिथे पेशी बाहेर पडून पसरण्याचा धोका खरा आहे. हा रोग मुलाला भूल देऊन, डोळ्याच्या आत पाहून आणि सोनोग्राफी व एम.आर.आय. करून ओळखतात. म्हणून अशा मुलाला मोतीबिंदू समजून कुठल्याही लहान ठिकाणी शस्त्रक्रियेला देऊ नये. आधी तज्ज्ञाने डोळा आतून पाहिलाच पाहिजे.

उपचार आणि एक अवघड निर्णय

पापणीचा कॅन्सर लहान असताना सापडला तर तेवढा भाग कडेच्या थोड्या चांगल्या कातडीसह काढतात, कडा स्वच्छ आहेत की नाहीत हे तपासतात आणि पापणी पुन्हा बांधतात. डोळा राहतो, नजर राहते. उशीर झाला तर रोग खोबणीत उतरतो. मग डोळ्यासकट सर्व काढण्याची वेळ येते, आणि तरी रोग पुढे गेलेला असू शकतो. रोग तोच आणि माणूसही तोच, फरक पडतो तो फक्त किती महिने गेले याचा.

दृष्टिपटलाच्या कॅन्सरमध्ये आज औषधे, लेसर, गोठवण्याची पद्धत असे अनेक उपाय आहेत. ज्या देशांत मुले लवकर दवाखान्यात पोहोचतात तिथे शंभरातली पंचाण्णव आणि त्याहूनही जास्त मुले वाचतात. पण काही मुलांच्या बाबतीत रोग डोळाभर झालेला असतो आणि डॉक्टर सांगतात, हा डोळा काढावा लागेल. इथे आईबापांचा धीर सुटतो. “लेकराचा डोळा काढू देणार नाही,” म्हणून ते मुलाला घरी घेऊन जातात, कोणी झाडपाला सांगतो, कोणी देवऋषी सांगतो. त्यांचे दुःख आम्ही समजू शकतो. पण खरे सांगायलाच हवे. त्या डोळ्याची नजर बहुधा आधीच गेलेली असते. त्यात राहिलेला रोग मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे जातो आणि मग लेकरू हाती लागत नाही. डोळा काढल्यावर कृत्रिम डोळा बसवता येतो. मूल एका डोळ्याने शाळा शिकते, शेती करते, संसार करते. अशा वेळी घरातल्या शहाण्या माणसाने, सरपंचाने, शिक्षकाने त्या आईबापांजवळ बसले पाहिजे.

केव्हा जावे : भिंतीवर लावण्याची यादी

१. मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, किंवा फोटोत एकच डोळा पांढरा दिसला : दोन-चार दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडे.

२. मुलाचा किंवा मोठ्याचा डोळा सुजून पुढे आला, हलवता येईना, कमी दिसू लागले : त्याच दिवशी.

३. मूल नव्याने तिरळे पाहू लागले : त्याच आठवड्यात.

४. एकाच डोळ्याची लाली उपचार करूनही तीन-चार आठवड्यांत गेली नाही : नेत्रतज्ज्ञाकडे, आणि “दुसरे काही तर नाही ना?” हे स्पष्ट विचारावे.

५. पापणीची न दुखणारी गाठ दीड-दोन महिन्यांत जिरली नाही, किंवा काढल्यावर त्याच जागी पुन्हा आली : तुकडा तपासणी.

६. पापणीच्या एका भागाचे केस गळले, किंवा पापणीवर न भरणारी, खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त येणारी जखम झाली : तुकडा तपासणी.

७. उसाचे पाते लागून डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना : त्याच दिवशी. हा कॅन्सर नव्हे, पण डोळा जाऊ शकतो.

सुरुवात तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या नेत्रविभागापासून करता येते. तिथून गरजेप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयात किंवा परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पाठवतात. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून रोगी येतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटावे. अंगणवाडी आणि शाळेत मुलांच्या तपासणीसाठी सरकारी पथक येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

तोडणीच्या टोळ्यांसाठी

शेवटी एक विनंती. हंगामात आपल्या फडात शेकडो मैलांवरून कोयते येतात. त्यांची लेकरे कोपीत, फडाच्या कडेला, धुळीत असतात. त्यांचे डोळे लाल असणे हे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्यातला वेगळा डोळा दिसत नाही. आईबाप पहाटे फडात जातात. दवाखान्यात गेले तर खाडा पडतो, उचल फिटत नाही, मुकादम बोलतो. मग दुकानातले थेंब. तेवढ्यात फड संपतो, टोळी दुसऱ्या गटात जाते, आणि पट्टा पडला की गावी. तीन ठिकाणचे तीन डॉक्टर त्या लेकराला एकेकदा पाहतात आणि प्रत्येकाला ती पहिलीच भेट वाटते. महिनाभर झाले, हे कोणालाच कळत नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. दवाखान्याचा कागद जपून ठेवावा आणि पुढच्या डॉक्टरला दाखवावा. पहिला कोणत्या तारखेला डोळा बिघडला हे त्यावर लिहून घ्यावे. आमचे चिटबॉय आणि गटातले कर्मचारी रोज फडात जातात. कोपीवर एखाद्या लेकराचा डोळा सुजलेला किंवा बाहुली पांढरी दिसली तर त्यांनी मुकादमाला आणि फडमालकाला सांगावे. फडमालकाने गाडीची सोय करावी आणि मुकादमाने त्या दिवसाचा खाडा धरू नये. एका दिवसाच्या तोडणीने कोणाचे गाळप अडत नाही.

हे पान कापून घरात, सोसायटीत किंवा अंगणवाडीत लावले तरी चालेल. ज्या सभासदाच्या घरी अशी एखादी न जिरणारी गाठ किंवा न हटणारी लाली असेल, त्याने या आठवड्यातच दवाखाना गाठावा. बहुतेकांना डॉक्टर “काही नाही” म्हणूनच परत पाठवतील, आणि तसेच व्हावे. पुढील अंकात खोडव्याच्या पाचट व्यवस्थापनाविषयी लिहू.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग